गोळीवरची पाळी ही खरंच पाळी असते का?

ओंजळ
गर्भनिरोधक गोळ्यांच्या २८ च्या पाकिटात २१ गोळ्या एका रंगाच्या आणि शेवटच्या ७ वेगळ्या रंगाच्या असतात. त्या सातांत हार्मोन नसतं. काही पाकिटांत लोह असतं, काहींत औषध म्हणून काहीच नसतं. त्या सुरू झाल्या की दोन-चार दिवसांत अंगावरून जायला लागतं आणि सगळे त्याला पाळीच म्हणतात. पण गोळीमुळे बीजच सुटत नसेल, तर ही पाळी येते कुठून? आणि त्या सात टाकून थेट पुढचं पाकीट सुरू केलं तर रक्त आत साचून राहतं असं हमखास ऐकू येतं, ते कितपत खरं? जाणकारांनी उलगडून सांगावं. "डॉक्टरांना विचारा" हे माहीत आहे, ते सोडून.

टिकलीएवढं
पहिला नंबर माझा. उत्तर येत नाही, पण धागा वाचनखुणेत टाकलाय.

निळी_शाई
आधी गोळीशिवायचं चक्र बघू, म्हणजे फरक कळेल. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. ती एफएसएच नावाचं हार्मोन सोडते, त्यामुळे बीजांडकोशात पाण्याच्या फुग्यासारख्या पुटिका वाढायला लागतात आणि त्यातली एक बाकीच्यांना मागे टाकून पुढे जाते. ती इस्ट्रोजेन बनवते, इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. इस्ट्रोजेन पुरेसं चढलं की पीयूषिकेतून एलएच या दुसऱ्या हार्मोनचा लोंढा येतो आणि त्यानंतर दीडेक दिवसात बीज सुटतं. मागे राहिलेल्या पुटिकेचा पिवळा गोळा होतो, तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. गर्भ राहिला नाही की दोन आठवड्यांत हा गोळा सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि त्याच्या जिवावर उभं असलेलं अस्तर गळून पडतं. ही पाळी.

गोळीत इस्ट्रोजेन (बहुतेक इथिनाइल इस्ट्राडायोल, २० ते ३५ मायक्रोग्रॅम) आणि एक प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन (उदा. लेव्होनॉरजेस्ट्रेल १५० मायक्रोग्रॅम) रोज बाहेरून येतं. हार्मोन आहेच म्हटल्यावर मेंदू एफएसएच-एलएच सोडायचं कमी करतो. पुटिका वाढत नाही, लोंढा येत नाही, बीज सुटत नाही, पिवळा गोळा बनत नाही. अस्तरही जेमतेम वाढतं. एरवी पाळीआधी ते दहा-बारा मिलिमीटर असतं, गोळीवर चार-पाचच्या आसपास.

२१ व्या गोळीनंतर हार्मोन एकदम बंद होतं. त्या पातळ अस्तराचा आधार जातो, त्याच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ते सुटून येतं. म्हणजे शेवटची पायरी खऱ्या पाळीसारखी, पण तिच्या आधीचं काहीच घडलेलं नसतं. म्हणून स्राव कमी, दिवस कमी आणि पोटदुखीही कमी, कारण कळा आणणारी प्रोस्टाग्लॅंडिनं अस्तरातच तयार होतात. अस्तरच थोडं, तर तीही थोडी.

टाचणी
निळी_शाई, उत्तम. एक टाचणी टोचते. दोन हार्मोनना एकाच दावणीला बांधू नका. एलएचचा लोंढा अडवायचं मुख्य काम प्रोजेस्टिनचं. इस्ट्रोजेन एफएसएच दाबतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अस्तर धरून ठेवतं. ते नसेल तर अस्तर जागोजागी ठिसूळ होऊन कधीही डाग पडतात. म्हणून नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळीवर रक्तस्रावाचं वेळापत्रक कोलमडतं. २० मायक्रोग्रॅमवाल्या गोळीवर ३० वाल्यापेक्षा मधले डाग जास्त दिसतात, तेही याचमुळे.

आणि एक राहिलं: गर्भाशयाच्या मुखातला चिकट स्राव. बीज सुटायच्या सुमारास तो काचेसारखा स्वच्छ आणि पातळ होतो. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर न तुटता सात-आठ सेंटिमीटर तार निघते. शुक्राणू त्यातून सरसर पोहत जातात. प्रोजेस्टिनवर तोच स्राव घट्ट, गढूळ आणि थोडासाच असतो, तार लगेच तुटते. हा गर्भाशयाच्या दाराला लावलेला बूच. बीज चुकून सुटलंच तरी हा दुसरा पहारा असतो.

पारवा
इतकी वर्षं वाटत होतं की गोळी पोटात जाऊन शुक्राणूंना मारते. शाळेत त्या धड्याला सर "घरी वाचा" म्हणतात, त्याची फळं.

खडूस_आजोबा
सात दिवसांच्या बिनहार्मोनच्या सुट्टीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ती शरीराच्या गरजेतून आलेली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत जॉन रॉक हे स्त्रीरोगतज्ज्ञ स्त्रियांना सलग हार्मोन देत होते, तेव्हा पाळी थांबायची आणि त्यांना दिवस गेल्याचा भास व्हायचा. गोळीवर त्यांच्याबरोबर काम करणारे शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांनी मधे खंड ठेवायचं सुचवलं, म्हणजे दर महिन्याला रक्त दिसेल आणि जीव भांड्यात पडेल. एनोविड ही पहिली गोळी १९५७ मध्ये पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून मंजूर झाली आणि १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून. रॉक स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. गोळी निसर्गाच्या चक्राचंच अनुकरण करते, सबब चर्चनं ती मान्य करावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये तो फेटाळला. चर्च बधलं नाही, सुट्टी मात्र पाकिटात कायमची बसली.

जाता जाता: त्या पहिल्या गोळीत सुमारे १० मिलिग्रॅम प्रोजेस्टिन आणि १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. आजच्या गोळीशी ताडून पाहा. गोळीच्या बदनामीतली बरीचशी त्या काळची कमाई आहे.

ओंजळ
वा आजोबा! म्हणजे सुट्टी निव्वळ देखाव्याची? मग साचण्याचं काय?

निळी_शाई
साचायला रक्त असायला हवं ना. सलग गोळी घेतली की अस्तर पातळच राहतं, थरावर थर चढत नाहीत. नळ बंद असताना बादली भरत नाही. रक्त खरंच साचतं ते वेगळ्या आजारात, म्हणजे बाहेर यायची वाटच बंद असेल तर.

उलट गोळी न घेता महिनोन्महिने पाळी येत नसेल (पीसीओएस या बीजांडकोशाच्या विकारात होतं तसं), तर ती गोष्ट वेगळी. तिथे इस्ट्रोजेन चालू असतं आणि प्रोजेस्टेरॉन नसतं, त्यामुळे अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यात बिघाड होऊ शकतो. दोन्हीकडे दिसतं एकच, "पाळी नाही", पण आतली स्थिती एकमेकींच्या उलट. ही गफलत फार होते.

सलग घेण्याच्या पद्धतीही मान्यताप्राप्त आहेत. ८४ गोळ्या आणि मग ७ दिवस खंड, हे पाकीट अमेरिकेत २००३ पासून आहे. २४ आणि ४ वालीही पाकिटं असतात. ब्रिटनमधल्या या क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१९ च्या मार्गदर्शनात सात दिवसांच्या खंडाचा आरोग्याला काही फायदा नाही असं स्पष्ट म्हटलं.

धुमकेतू
सहमत नाही. दर महिन्याला शरीर साफ झालंच पाहिजे. शिवाय या गोळ्या उष्ण असतात.

टाचणी
धुमकेतू, पाळी म्हणजे शरीराची मोरी नव्हे. त्यात जातं ते रक्त, अस्तराचे तुकडे आणि स्राव. विषारी द्रव्यं बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती महिन्यातून एकदा कामाला लागत नाहीत. "उष्ण पडते" म्हणून जे सांगितलं जातं ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांतलं मळमळणं, डोकं दुखणं, स्तन जड होणं आणि मधेच डाग. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ बरीच कमी जाणवते. तीन महिन्यांनंतरही त्रास तसाच असेल तर गोळीतलं प्रोजेस्टिन किंवा इस्ट्रोजेनचं प्रमाण बदलून घेता येतं, सोसत बसायचं कारण नाही.

धुमकेतू
ठीक. मोरीवर निषेध नोंदवून गप्प बसतो.

मिनिटकाटा
सगळे सुट्टी हवी की नको यावर बोलताहेत, पण गोळी फसते ती बहुतेक वेळा या सुट्टीच्या कडेला. त्या सात दिवसांत एफएसएच पुन्हा डोकं वर काढतं. सातव्या दिवसापर्यंत काहींच्या बीजांडकोशात दहा मिलिमीटरच्या आसपासची पुटिका तयार असते. (बीज सुटतं ते साधारण वीस मिलिमीटरला.) आठव्या दिवशी गोळी पडली की ती तिथेच थांबते. पण नव्या पाकिटाच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या राहिल्या, तर सुट्टी नऊ-दहा दिवसांची होते आणि पुटिकेला हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणजे विसरायची सगळ्यात वाईट गोळी कुठली? पाकिटातली पहिली. आणि विसरली तरी काहीच न बिघडणाऱ्या? शेवटच्या सात. लोक नेमका उलटा समज करून घेतात, कारण पाळी संपलेलीच असते आणि "आत्ता कुठे धोका" असं वाटतं.

इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळीपुरता हिशेब असा.
राहिलेली गोळी घ्यायच्या वेळेपासून ४८ तास उलटलेले नाहीत, म्हणजे एकच गोळी राहिली आहे: आठवल्याबरोबर घ्या, पुढची तिच्या ठरल्या वेळी. त्यासाठी एका दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालेल. संरक्षण कायम.
दोन किंवा जास्त राहिल्या: सगळ्यात अलीकडे राहिलेली एकच घ्या, आधीच्या टाकून द्या, पुढे रोज एक. सलग ७ गोळ्या पोटात जाईपर्यंत कंडोम वापरा.
हे पहिल्या आठवड्यात झालं आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर आपत्कालीन गर्भनिरोधनाचा विचार करा.
तिसऱ्या आठवड्यात झालं तर सुट्टी रद्द. चालू पाकिटातल्या औषधाच्या गोळ्या संपवून दुसऱ्या दिवशी थेट पुढचं पाकीट.

टिकलीएवढं
म्हणजे जोडून सुट्टी घेतली की नापास.

मिनिटकाटा
अगदी. म्हणूनच बिनचूक घेतल्यास वर्षभरात १००० तल्या ३ जणींना दिवस जातात आणि प्रत्यक्षात जशी घेतली जाते तशी धरली तर १०० तल्या सुमारे ७ जणींना. हा सगळा फरक विसरण्याचा, गोळीचा नाही. २८ चं पाकीट २१ च्या पाकिटापेक्षा याच कारणासाठी बरं. रोज एक, मोजणी नको, पाकीट संपलं की दुसरं.

गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती राहिली असं धरून लगेच दुसरी घ्या. जोराचे जुलाब दोन दिवस किंवा जास्त चालले तर तेवढे दिवस गोळ्या राहिल्या असं धरून वरचा नियम लावायचा.

अबोली_रंग
हे नियम नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळीला लावू नका! तिथे सुट्टी नसते (ड्रोस्पिरेनोनचा अपवाद, ती २४ आणि ४). जुन्या प्रकारच्या, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल ३० किंवा नॉरएथिस्टेरोन ३५० मायक्रोग्रॅमच्या गोळीला फक्त ३ तासांची सवलत. तिची मदार मुख्यतः त्या बुचावर आणि बूच दिवसभरात सैल पडतं. डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम बहुतेक चक्रांत बीजही थांबवते, म्हणून तिला १२ तास. उशीर झालाच तर आठवल्याबरोबर घ्यायची आणि पुढचे २ दिवस कंडोम, कारण बूच दोन दिवसांत पुन्हा बसतं.

पाळीचं म्हणाल तर या गोळीवर काहीही होऊ शकतं: नियमित, अनियमित, अधूनमधून डाग, नाहीतर अजिबात बंद. आधी सांगितलेलं नसलं की लोक घाबरून मधेच सोडतात. ही गोळी बाळाला अंगावर पाजणाऱ्या किंवा इस्ट्रोजेन न चालणाऱ्या स्त्रियांसाठी असते.

पारवा
इस्ट्रोजेन कुणाला चालत नाही?

टाचणी
ठळक तेवढे: ३५ च्या पुढे वय आणि सिगारेट, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेली, रक्तदाब १६०/१०० किंवा वर (१४० च्या पुढे असेल तरी सहसा टाळतात), डोळ्यांपुढे नागमोडी रेषा किंवा लखलखाट दिसून मग उठणारी अर्धशिशी, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना पहिले सहा आठवडे (पुढे सहा महिन्यांपर्यंतही शक्यतो नको). रक्तदाब मोजल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये. दोन मिनिटांचं काम आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

गाठीचा आकडा: गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २, लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीवर ५ ते ७, ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलवाल्या गोळीवर ९ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून जास्त असतो. एकाच पोटरीत दुखून सूज, अचानक धाप, छातीत कळ, बोलणं अडखळणं, नजर अंधारणं यातलं काही झालं तर धाग्यावर विचारत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. दुसऱ्या पारड्यात हेही टाका: बीजांडकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग गोळी घेणाऱ्यांत कमी आढळतो आणि हा फायदा गोळी सोडल्यावर अनेक वर्षं टिकतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका घेत असताना किंचित वाढतो, सोडल्यावर ओसरतो.

टिकलीएवढं
अवांतर: अँटिबायोटिक चालू असताना गोळी काम करत नाही म्हणतात ना?

मिनिटकाटा
नेहमीच्या अँटिबायोटिकनं फरक पडत नाही. उलटी-जुलाब झाले तर तेवढ्यापुरता पडतो. खरी अडचण क्षयावरच्या रिफॅम्पिसिन आणि रिफाब्युटिनची. ती यकृताला गोळीचं हार्मोन भराभर मोडायला लावतात. फिटवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटाल, एचआयव्हीवरची काही औषधं आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीही तेच करतात. औषध थांबल्यावरही हा परिणाम सुमारे २८ दिवस राहतो. लॅमोट्रिजिन या फिटवरच्या औषधाचं उलटं आहे. इस्ट्रोजेनची गोळी त्या औषधाचीच रक्तातली पातळी निम्म्यापर्यंत उतरवते आणि फिट येऊ शकते. म्हणून फिटवरच्या कुठल्याही औषधासोबत गोळी आपल्या मनानं सुरूही करू नये आणि बंदही.

रानजाई
सलग घेणाऱ्यांसाठी हाताशी ठेवायची गोष्ट. सलग घेताना पहिल्या काही महिन्यांत डाग पडतातच. निदान २१ गोळ्या झाल्यावर सलग तीन-चार दिवस डाग दिसले तर चार दिवस थांबा आणि पाचव्या दिवशी, थांबला असो वा नसो, पुन्हा सुरू. स्राव थांबायची वाट बघत बसाल तर मिनिटकाटा म्हणतात ती लांबलेली सुट्टी होईल. हे फक्त सगळ्या गोळ्या एकाच ताकदीच्या असलेल्या पाकिटाला लागू. तीन रंगांच्या पाकिटात ताकद टप्प्याटप्प्यानं बदलते, तिथे आधी डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या.

नियमित घेऊनही तीन महिन्यांनंतर नव्यानं डाग पडायला लागले तर नुसतं गोळीवर ढकलू नका. गर्भाशयमुखाची तपासणी, क्लॅमिडियासारखा संसर्ग, दुसरं चालू औषध आणि गरोदरपणाची चाचणी, एवढं बघायला हवं.

पारवा
कार्यक्रमासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी ती हीच का?

अबोली_रंग
नाही. ती नॉरएथिस्टेरोन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ती गर्भनिरोधक म्हणून धरू नये. एवढ्या मोठ्या डोसचा काही भाग शरीरात इथिनाइल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो, म्हणून गाठीचा धोका असलेल्यांनी ती "साधीच तर गोळी" म्हणून परस्पर घेऊ नये. एकाच ताकदीची नेहमीची गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर ही घ्यायची गरजच नाही, सुट्टी सोडली की झालं.

आणि आपत्कालीन गोळी हा आणखी तिसराच प्रकार. लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणं लांबवते. एलएचचा लोंढा सुरू झाला असेल तर उपयोग नाही, राहिलेला गर्भ ती पाडतही नाही. त्या महिन्याची पाळी काही दिवस मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर चाचणी करा.

ओंजळ
धागा कुठल्या कुठे गेला, पण फायद्याचाच गेला. मूळ प्रश्नाचं एक शेपूट उरलंय. सुट्टीत रक्त आलंच नाही तर? आणि गोळी सोडल्यावर पाळी कधी येते?

निळी_शाई
गोळ्या बिनचूक घेतल्या असतील तर एखाद्या वेळी न येणं म्हणजे अस्तर गळण्याइतकंही वाढलं नाही, इतकंच. पुढचं पाकीट ठरल्या दिवशीच सुरू करा, रक्ताची वाट बघू नका. गोळ्या राहिल्या असतील किंवा सलग दोनदा आलं नाही तर चाचणी करा. उलट बाजूही ध्यानात ठेवा: सुट्टीत थोडं रक्त आलं म्हणून दिवस गेलेले नाहीत अशी खात्री धरता येत नाही.

सोडल्यावर खरी पाळी साधारण महिना-दीड महिन्यात येते, काहींना तीन महिने लागतात. तीनच्या पुढे गेलं तर कारण शोधायचं. आधी अनियमित असेल तर पुन्हा अनियमितच होते. गोळीनं पाळी "नियमित केली" म्हणतात तेव्हा तिनं फक्त रक्त दिसायच्या तारखा ठरवलेल्या असतात. आणि बीज पहिल्या पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

खडूस_आजोबा
मग या रक्ताला मराठीत नाव काय? मी "खंडस्राव" सुचवतो.

टिकलीएवढं
"सुट्टीस्राव" +१

धुमकेतू
मोरीस्राव.

टाचणी
काहीही म्हणा, पण दवाखान्यात "शेवटची पाळी कधी?" विचारलं की तारखेबरोबर "गोळीवर होते" हेही सांगा. गोळी सोडल्या सोडल्या दिवस गेले तर गर्भाचे आठवडे त्या तारखेवरून मोजले की चुकतात, कारण बीज तिथून चौदाव्या दिवशी सुटलेलं नसतं. मग पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरूनच तारीख ठरवावी लागते.

ओंजळ
हे केसपेपरवर लिहूनच घ्यायला हवं. आजोबा, तिथे "खंडस्राव" चालेल का?